कुसाबाईची सही

मावशी आली तेव्हा हर्षाली जेवणाच्या टेबलावर आईची प्रमाणपत्रं वर्षांप्रमाणे लावत बसली होती. फुटबॉल संघटनेची स्मरणिका निघायची होती आणि त्यात भोये मॅडमवर एक पान हवं होतं. ते लिहायचं काम आईनं लेकीवर ढकललं होतं.

एक पान पुरणार नव्हतं. खो-खो, आठशे मीटर, पंधराशे मीटर, चार वर्षं राज्याच्या संघातून हँडबॉल. एकोणिसाव्या वर्षी कुणीतरी हातात फुटबॉलचे बूट दिले, ते पायात घालून आई डाव्या बाजूची बचावपटू झाली. मग क्रीडाशिक्षिकेची नोकरी, संध्याकाळी मैदानावर मुलींना शिकवणं, तिशीत पंचाची परीक्षा. पंचाची धावपळ गुडघ्यांना झेपेनाशी झाली तसं संघटनेनं तिला सामना आयुक्त केलं. सामन्याआधी खेळाडूंचे कागद तपासायचे, सामन्यानंतर अहवाल लिहायचा. नोकरीतून ती निवृत्त झाली, पण हे काम सुरू होतं.

हर्षाली अडली होती ती एका कागदापाशी. आईनं स्वतःच्या हातानं आपल्या बक्षिसांची यादी करून दिली होती. तिची सुरुवात होती, ‘जिल्हा, ६०० मीटर, द्वितीय.’ फाइलीत मात्र त्याच्याही आधीचं, कडा कुरतडलेलं एक प्रमाणपत्र होतं. पेठ तालुका, सहाशे मीटर, प्रथम क्रमांक, कु. कुसाबाई पुंजा भोये. दुसरा नंबर लिहायचा आणि पहिला नंबर गाळायचा, असं कोण करतं? आईला हाक मारून विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि दारावरची बेल वाजली.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. पेठच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावर राहायची, भात आणि नागली पिकवायची. लग्नकार्य किंवा दवाखाना असल्याशिवाय ती नाशकात पाऊल ठेवत नसे. आज रविवारी भर बाराला, फोन न करता, एकटी एसटीनं आली होती.

"आक्का?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सगळं बरं आहे ना घरी?"

"घरी बरं हाय." मावशीनं पायऱ्या चढून आलेला दम घेतला. पिशवीतून नागलीचं पीठ आणि खुरासणीच्या चटणीचा डबा काढून टेबलावर ठेवला. मग खुर्चीवर न बसता उभ्या उभ्याच म्हणाली, "चांगू, तू त्या झुंबरबाईच्या नातीला खेळू नाय दिलं?"

हर्षालीनं आईकडं पाहिलं. काल मैदानावर हर्षालीही होती. आंतरशालेय मुलींची उपांत्य फेरी, पेठकडची एक आश्रमशाळा. सामन्याआधी मुली रांगेत उभ्या होत्या आणि आई एकेकीचं ओळखपत्र हातात घेऊन नाव विचारत होती. अकरा नंबरच्या मुलीपाशी ती थांबली. ओळखपत्रावर नाव होतं ज्योत्स्ना. फोटोही तसाच दिसत होता. आईनं पुन्हा नाव विचारलं, मग गावाचं, मग वर्गशिक्षकांचं. मुलीला रडू फुटलं. ती ज्योत्स्ना नव्हतीच, तिची धाकटी बहीण स्नेहल होती. शाळेच्या पटावर ज्योत्स्ना. स्नेहल सातवीतच शाळा सोडून आईबापाबरोबर दिंडोरीकडं द्राक्षबागांच्या कामाला जात होती. खेळ मात्र तिचा चांगला होता, म्हणून शाळेच्या प्रशिक्षकानं बहिणीच्या नावावर तिला उतरवलं होतं. संघ बाद झाला. मुली आल्या त्या टेम्पोनं परत गेल्या.

"ती मुलगी तुमच्या पाड्यावरची आहे?" आईनं विचारलं. "मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तेच केलं असतं, आक्का. ती शाळेतच नाही. शाळेच्या संघात कशी खेळेल?"

"ते तुझं तुला ठाऊक. मी त्याचं नाय बोलत." मावशीनं कनवटीचा एक कागद काढला. चार घड्या केलेली झेरॉक्स होती. "हे शाळेच्या मास्तरनं झुंबरबाईला दिलं. वाचूनही दाखवलं. खाली सही कुणाची, तेही वाचलं. आज सकाळी म्हातारी माझ्या अंगणात आली. म्हणली, कुसा, तू काल दिवसभर इथंच होतीस, मी पाहिलं. मग माझ्या नातीला बाद केलं त्या कागदावर तुझं नाव कसं? चार बाया ऐकत होत्या. मी काय सांगू?"

आईनं कागद हातात घेतला. बोलला तो अमोल. हर्षालीचा मोठा भाऊ अंबडच्या कारखान्यात कामाला होता. आज सुट्टी म्हणून सोफ्यावर लोळत होता, तो उठून बसला.

"एक मिनिट. झुंबरबाई तुला कुसा का म्हणाली? कुसाबाई तर आईचं नाव."

मावशीनं त्याच्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं. "तू लेकरांना सांगितलं नाय?"

हर्षालीला वाटलं, आपल्याला सव्वीस वर्षांत मावशीचं नाव विचारावंसं कधी वाटलंच नाही. ती मावशी होती. आई तिला आक्का म्हणायची, मामा मोठी म्हणायचे. आणि आईला माहेरचे सगळे चांगू म्हणत, ते लाडाचं नाव असेल असं तिनं धरून चाललं होतं.

"मावशी," तिनं विचारलं, "तुझं नाव काय?"

"कुसा. कुसाबाई. तुझी आई चांगुणा."

आईनं खुर्ची ओढली आणि बसली. मैदानावर खेळाडूंशी भांडताना जशी ताठ उभी राहायची तशी बसली होती, पण हात मात्र मांडीवर गप्प पडले होते.

"बस, आक्का," ती म्हणाली. "बसून बोलू."

मग ती सांगू लागली, आणि सांगताना तिची बोली हळूहळू पेठच्या घाटाकडं झुकत गेली. आश्रमशाळेच्या पटावर फक्त आक्काचं नाव होतं. चांगुणा घरी, शेळ्यांमागं. आक्का तालुक्याला सहाशे मीटरमध्ये पहिली आली, मास्तरांनी जिल्ह्यासाठी तिचं नाव पाठवलं, आणि आक्काला ताप आला. मास्तर न्यायला आले तर ती गोधडीत. नाव तर नाशकात गेलेलं.

"बा म्हणाला, ही न्या धाकटी. हिच्याही पायात तेवढंच बळ हाय. मास्तर म्हणाले, नाव विचारलं तर कुसाबाई सांगायचं. मी म्हटलं, आक्काचा ताप उतरेपर्यंतच ना. ते म्हणाले, तेवढंच. मी जिल्ह्याला दुसरी आले. मग मास्तरांनी मला सोडलंच नाही. आक्काच्या जागेवर शाळेत ठेवून घेतलं. तिथून दहावी, तिथून कॉलेज, तिथून नोकरी. सगळ्या कागदांवर तिचं नाव."

"आणि तुझं?" हर्षालीनं विचारलं.

"माझं कुठंच नाही. चांगुणा कागदावर जन्मलीच नाही."

टेबलावरचं कुरतडलेलं प्रमाणपत्र हर्षालीनं उचललं. "म्हणजे हे..."

"ते आक्काचं आहे. ते मी माझ्या यादीत कसं लिहू?"

अमोल खोलीत दोन फेऱ्या मारून आला होता. "बाबांना माहीत आहे हे?" बाबा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला सटाण्याला गेले होते.

"लग्नाआधी सांगितलं होतं. ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, नाव काही बी राहो, माणूस चांगली शे. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही."

"मग आपणही काढायचा नाही," अमोल म्हणाला. "मावशी, तू झुंबरबाईला सांग, एका नावाच्या दोन बायका असतात. पुंजा नावाचेही दहा आहेत. संपलं. आईची पेन्शन त्या नावावर आहे. संघटनेतले काही लोक कारणच शोधत असतात, ते टपलेले आहेत."

"मी खोटं नाय सांगणार," मावशी म्हणाली. "आजवर कुणी विचारलं नाय म्हणून मी बोलले नाय. आता विचारलं."

"मग तुला हवंय काय?"

अमोलचा स्वर चढला होता, पण मावशीला राग आला नाही. ती शब्द शोधत होती. "माझं नाव गोव्याला गेलं, दिल्लीला गेलं. पेपरात आलं. पाड्यावरचा गोटीराम पेपर घेऊन यायचा, वाचून दाखवायचा, मला बरं वाटायचं. मी पेठच्या पुढं गेले नाय, नाव तरी फिरतंय. पण काल माझ्या नावानं एका पोरीला रडवलं. ते मला विचारून नाय केलं. चांगू, नाव दिलं तेव्हा मी असं नव्हतं दिलं."

आईनं मान खाली घातली. काल सगळ्या मैदानासमोर पालकांचा आरडाओरडा ऐकून न हललेली आई आत्ता नीट लावलेलीच प्रमाणपत्रं पुन्हा लावत होती.

हर्षालीच्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न घोळत होता. "आई, काल तुला कळलं कसं? फोटोत तर बहीण अगदी तशीच दिसते. मी जवळ होते, मला काही कळलं नाही."

"नाव विचारल्यावर ती थांबली," आई म्हणाली. "अर्धा श्वास. ज्याचं नाव असतं तो थांबत नाही. मला तो थांबा माहीत आहे, हर्षू. बँकेत, दवाखान्यात, निवडणुकीच्या रांगेत, कुणी नाव विचारलं की अजून माझा अर्धा श्वास जातो. दुसऱ्या कुणाला ती सापडली नसती. मला सापडली."

खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. अमोल पुन्हा सोफ्यावर बसला, पण आता कडेला.

आईच पुढं बोलली, बहिणीकडं न पाहता. "मी तुझं सगळं घेतलं, आक्का. पळणं तुझं होतं. तुला ताप आला म्हणून मला मिळालं. स्टेशनवर, परगावच्या मैदानावर, मनात यायचं की ही जागा तिची. तू कधी बोलली नाहीस, त्यानं तर जास्तच."

मावशी तिच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू यायला लागलं. आधी आवरलेलं, मग पदरात तोंड घालून.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"ताप नव्हता गं."

"म्हणजे?"

"चुलीपुढं बसून कपाळ शेकलं होतं मी. मग गोधडीत शिरले. आईनं हात लावला, म्हणली, पोर तापली. मला जायचंच नव्हतं. मला पळायला कधीच नाय आवडलं. पोटात दुखायचं. मागून पोरींच्या पायांचा आवाज यायचा ना, धपधप धपधप, तो मला नको वाटायचा. म्हणून मी पुढं जायची. लोकांना वाटलं पोरगी जिंकली. वसतिगृहातल्या भाताला रॉकेलचा वास यायचा. मला घरी राहायचं होतं, शेळ्यांत. तू सारखी शेळ्यांच्या पुढं पळायची, बा तुला ओरडायचा. मला वाटलं, हिलाच जाऊ दे."

आईचं तोंड उघडंच राहिलं. हर्षालीला हसावं का रडावं कळेना. चाळीस वर्षांहून जास्त काळ आई ज्याचं ओझं वाहत होती, ते चुलीपुढं शेकलेलं एक कपाळ होतं.

"एकदा सांगायचं तरी," आई शेवटी म्हणाली.

"तू एकदा विचारायचं तरी."

जेवणं झाली. नागलीची भाकरी मावशीनंच थापली, आईला जमत नाही म्हणून. जेवताना मावशीनं लिफ्ट असलेल्या इमारतीतले लोक पायऱ्या कुणासाठी बांधतात असं विचारलं. तिला लिफ्टचं दार उघडायची भीती वाटली होती.

हात धुऊन आई कोरे कागद घेऊन बसली. सोमवारी चौकशी होती. नियमात दोन वर्षांपर्यंतची बंदी होती आणि आयुक्ताच्या अहवालावर बरंच अवलंबून होतं. आईनं लिहिलेली प्रत्येक ओळ हर्षाली मोठ्यानं वाचत होती आणि मावशी ऐकत होती.

"सामना बाद, तो बादच राहील," आई म्हणाली. "त्यात मी काही बदलू शकत नाही. समोरच्या संघानंही मेहनत केलेली आहे."

"बरं," मावशी म्हणाली.

"पण पोरीला बंदी नको, असं लिहिते. चूक मोठ्यांची आहे. तिला स्वतःच्या नावानं क्लबकडून नोंदणी करू द्यावी. क्लबला शाळेचा पट लागत नाही."

"हे लिही. हे माझ्या नावानं चालंल."

आई थांबली. पेन खाली ठेवलं, दुसरा कागद ओढला. अमोलला ते लगेच कळलं.

"आई, दुसरा कशाला? पहिला पुरे आहे. त्या मुलीचं भलं होतंय, मावशीचं समाधान होतंय. आणखी कुणाला काय हवंय?"

"त्या पोरीला मी सगळ्यांसमोर नाव विचारलं, अमोल. मला कुणी विचारलं नाही, एवढाच आमच्यात फरक."

"पेन्शन गेली तर?"

"वकिलाला विचारू. नोकरी मी केली, शिकवलं मी, ते कुणी खोटं म्हणणार नाही. गेलीच तर बघू."

"हर्षू, तू तरी सांग हिला."

हर्षालीनं भावाकडं पाहिलं. लहानपणापासून घरात दोन पक्ष होते, ती आणि अमोल एका बाजूला, आई दुसऱ्या. आज ती उठून टेबलाच्या पलीकडं आईशेजारी जाऊन बसली. "मला पान लिहायचं आहे," ती म्हणाली. "खरं नाव घालून लिहायला मला आवडेल."

अमोलनं फोन उचलून कामाच्या ग्रुपवर काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "उद्या मी कामावर उशिरा जातो. रिक्षानं नको, गाडीनं सोडतो तुम्हाला." एवढंच तो बोलला, पण आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

स्वतःच्या नावाबद्दलचं ते पत्र लहानसं झालं. खाली सही करायची वेळ आली तेव्हा आईला ती जमेना. चांगुणा पुंजा भोये. चाळीस वर्षं हात दुसऱ्याच अक्षरांना सरावलेला. ‘णा’चा काना लांब गेला. पहिलीतल्या पोरीसारखी सही झाली.

सोमवारी सकाळी मैदानाशेजारच्या कार्यालयात सचिव मनोज देवरे, शाळेचे प्रशिक्षक, झुंबरबाई आणि स्नेहल बसले होते. स्नेहलनं आईकडं एकदाच पाहिलं आणि नजर फिरवली. देवरेंनी अहवाल वाचला. प्रशिक्षकाला एक वर्ष स्पर्धेबाहेर ठेवलं. स्नेहलला लेखी ताकीद. "पुढच्या महिन्यात क्लबची नोंदणी आहे," ते तिला म्हणाले, "स्वतःचं आधार कार्ड घेऊन ये." स्नेहलनं मान हलवली नाही. "आमची मॅच तर गेलीच ना," ती म्हणाली. "गेली," आई म्हणाली.

मग आईनं दुसरा कागद पुढं सरकवला. देवरेंनी तो दोनदा वाचला. दरवाजाकडं पाहिलं, आवाज खाली आणला.

"मॅडम, हे मी पाहिलंच नाही असं समजू का?"

"नको. आवक क्रमांक टाका."

"मग चौकशी होईपर्यंत तुम्हाला सामन्यांवर नेमता येणार नाही. स्मरणिकेचंही थांबवावं लागेल."

"माहीत आहे."

देवरे सहीकडं पाहत राहिले. "या नावाची आमच्याकडं कसलीच नोंद नाही."

"मग आता करा," मावशी मागून म्हणाली.

झुंबरबाईनं सगळं ऐकलं होतं. बाहेर पडताना ती मावशीपाशी थांबली, तिच्याकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजी सही तुझी नव्हती."

"नव्हती."

"मग काल मी उगाच बोलले तुला," म्हातारी म्हणाली आणि नातीचा हात धरून चालू लागली.

अमोलला कामावर जायचं होतं. मावशीची एसटी दुपारची. मैदानावर अंतिम सामना सुरू व्हायचा होता, म्हणून तिघी पायऱ्यांवर जाऊन बसल्या. वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच आई मैदानावर आली होती आणि तिच्या हातात ना शिट्टी होती, ना फाइल. हात कुठं ठेवावे ते तिला कळत नव्हतं. मावशीनं आयुष्यात फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता. ती एकामागून एक विचारत राहिली, आणि आईला उत्तरं देता देता हातांचा विसर पडला. हाताला चेंडू लागला तर काय? मग त्या एकटीला हात कसा लावू देतात? ती जाळ्यापुढची पोर पळत का नाही, तिला काम नाही का?

मध्यंतराच्या जरा आधी पंचानं एक निर्णय दिला आणि पायऱ्यांवरचे पालक खवळले. त्याच्या डोळ्यांवरून, बापावरून, वजनावरून बोलू लागले. काळ्या कपड्यातला तो पोरगेला पंच घाम पुसत उभा होता.

"एवढं बोलतात त्याला?" मावशीनं विचारलं.

"हे काहीच नाही."

"तुला पण असंच बोलायचे?"

"नेहमी. एकदा मालेगावात तर संपूर्ण मैदान बोलत होतं."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन. कुसाबाई, घरी जा. कुसाबाई, चष्मा लाव. त्याच्या पुढचं तुला सांगत नाही."

मैदानावर पुन्हा शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला. मावशी बहिणीकडं झुकली.

"लय शिव्या खाल्ल्या गं मी," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बोलावलं तर आता तुझ्या नावानं खा."